आधी उसवा, मग शिवा : जुन्या कपड्यांवर शिवणकाम शिकताना

शिवणकाम शिकायचं ठरलं की बहुतेक जणी आधी मशीन बघायला जातात, मग दोन मीटर नवं कापड आणतात. त्या कापडाला कात्री लावायची हिंमत होत नाही, आणि मशीन-कापड दोन्ही कोपऱ्यात पडून राहतं. माझं सांगणं उलट आहे. नवं कापड आणू नका, मशीनचीही घाई करू नका. घरातला जुना कपडा घ्या, तो नीट उसवा, शिवणाऱ्याने तो कसा जोडला होता ते बघा आणि मग त्याच कापडावर हात बसवा. जुना कपडा बिघडला तर त्याचं पायपुसणं होतं. नवं कापड बिघडलं तर घरात महिनाभर ऐकून घ्यावं लागतं.

आपल्या खान्देशात कच्च्या मालाची ददात नाही. सुरत जवळ, अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी तिकडे कामाला, आणि लग्नसराईत आहेराच्या साड्यांचा तर पूर. नेसायच्या चार, बाकीच्या पेटीत. त्यात पोरांच्या आखूड झालेल्या पँटी, सासऱ्यांचे कॉलर विरलेले शर्ट, मध्येच झिजलेल्या चादरी. दिवाळीच्या आवराआवरीत किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या की हे गाठोडं सुटतं आणि बोहारणीच्या दोन पातेल्यांवर सौदा होतो. या वेळी बोहारणीला थोडं थांबवा.

गाठोडं सोडा आणि कापड ओळखा

सगळं एकदम बाहेर काढून तीन ढीग करा: अंगात घालण्याजोगं सुती, सुळसुळीत सिंथेटिक, आणि जाडंभरडं (जीन्स, पँटी, जुने पडदे). कोणता कपडा कुठल्या ढिगात जातो हे हाताला कळत नसेल तर कडेचे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि काडी लावून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात. हे काम ओट्यावर करा, साड्यांच्या ढिगाशेजारी बसून नको.

हा भेद इथे फार महत्त्वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. आहेरातल्या जॉर्जेटचा गाऊन कितीही झोकात शिवला तरी त्या उन्हाळ्यात तो अंगावर टिकत नाही, घामाने चिकटतो आणि पुन्हा पेटीत जातो. म्हणून माझा नियम साधा आहे: अंगाला लागणारं सगळं सुती, आणि सिंथेटिक साड्यांचे पडदे, मिक्सरची आणि मशीनची झाकणं, गाद्यांच्या खोळी, बाजाराच्या पिशव्या. त्यातही नवशिक्यांनी जॉर्जेट-शिफॉनला हातच लावू नये. ते मशीनखाली सरकतं, कात्रीखाली सरकतं आणि शिकणाऱ्याला वाटतं की चूक आपलीच आहे.

आता कापडात जीव किती उरलाय ते तपासा. खिडकीसमोर धरून आरपार बघा. विरळ जागा लगेच दिसतात. शर्ट काखेत, कॉलरच्या घडीवर आणि पाठीवर विरतो, पँट बसायच्या जागी आणि गुडघ्यावर, चादर बरोबर मध्ये. साडी खालच्या काठाला, टाचेशी घासून झिजते. पदर आणि कमरेला खोचलेला आतला भाग बहुधा धडधाकट असतो. संशयाच्या जागी दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून कापड हलकेच ताणा. चर्र झालं की तो भाग सोडून द्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली रेशमी साडी घडीच्या रेघेवर चिरते, तेव्हा ती उलगडतानाच बघून घ्या. आणि एखाद्या आजीच्या पेटीत अमळनेरच्या प्रताप मिलचं किंवा जळगावच्या खान्देश मिलचं कापड निघालं तर त्यावर शिकू नका. ते जपून ठेवा, हात बसल्यावर बघू.

निवडलेला कपडा धुवा, उन्हात वाळवा आणि इस्त्री करा. चुरगळलेल्या कापडावर घेतलेलं माप खोटं असतं. जुन्या कापडाची एक मोठी सोय म्हणजे ते आधीच धुऊन धुऊन आटलेलं असतं. त्याला नवं अस्तर किंवा नवी पट्टी जोडणार असाल तर ते नवं कापड मात्र रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच लावा. नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आखडतं आणि वरचं कापड फुगून बसतं.

सामान थोडकं

नऊ-दहा इंचांची कापडाची कात्री, आणि ती घरात कोणी कागदाला लावणार नाही याची तजवीज. टेप, टाचण्या, हातसुयांचं पाकीट, बोटाला घालायचा अंगुस्ताना, रिपर (टाके कापून उसवायचं टोकदार अवजार), पांढरा आणि काळा दोरा. खडू नसला तर अंगाच्या साबणाची झिजलेली पातळ वडी वाळवून वापरा. गडद कापडावर रेघ छान उमटते आणि धुतली की जाते. हे सगळं तालुक्याच्या कोणत्याही टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मिळतं. जळगावला फुले मार्केट, धुळ्याला आग्रा रोड आणि पाचकंदीलचा भाग पालथा घातला तर निवडीला वाव जास्त. दोरा मात्र स्वस्तातला घेऊ नका. बोटांत धरून झटका दिल्यावर सहज तुटणारा दोरा मशीनवर छळतो.

उसवणं हाच पहिला वर्ग

तुम्हाला अंगासरशी बसणारं, पण आता विटलेलं एक सुती ब्लाउज निवडा. चांगल्या कारागिराने शिवलेलं हवं. उसवण्याआधी आतून-बाहेरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक भागावर खडूने खूण करा: डावा पुढा, उजवा पुढा, पाठ, डावी बाही, उजवी बाही. सुटे झाल्यावर दोन्ही बाह्या सारख्याच दिसतात.

उसवायचं ते शिवण्याच्या उलट्या क्रमाने. आधी हूक आणि आय, मग गळ्याची आणि खालची तुरपाई, मग बाजू, मग बाह्या, खांदे आणि शेवटी टक्स, म्हणजे अंगासरसं बसावं म्हणून घातलेल्या टोकदार चुण्या. कापड फाडल्यासारखं दोन हातांनी ओढून शिवण उघडू नका. जुना धागा तुटतो आणि कापडाला भोकं पडतात. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका रिपरने कापा, मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. तो लांबच्या लांब सरळ निघून येतो. काम सावकाश होतं, पण हात हलका करायला याच्यासारखा सराव नाही.

सगळे तुकडे सुटे झाले की इस्त्रीने सपाट करा आणि चटईवर मांडा. आता नीट बघा. शिवणीच्या आत दडलेल्या कापडाचा रंग अजून मूळचा आहे, बाहेरचा उडालाय. त्या दोन रंगांच्या सीमेवर सुईच्या भोकांची रांग दिसेल. ती शिलाईची रेघ. तिच्याबाहेर उरलेली कापडाची पट्टी म्हणजे कारागिराने सोडलेली माया. खांद्याला अर्धा इंच, बाजूंना एक-दीड इंच. अंग सुटलं तर सोडता यावं म्हणून बाजूला जास्त. पुढ्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, पाठीच्या मुंढ्यापेक्षा जास्त खोल कापलाय. बाहीचा गोलावाही दोन्हीकडे सारखा नाही, पुढच्या बाजूला तो आत गेलाय. नव्या शिवणाऱ्यांची बाही उलटी लागते ती इथेच. कडेला कुठे बारीक काप दिसतील. बाहीचा मध्य आणि खांद्याची शिवण जुळवायला ते दिलेले असतात. टक्सचं टोक कुठे थांबलंय तेही मोजा.

हे तुकडे जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा, कड आखा, आणि भोकांच्या रांगेवर टाचणीने टोचत आतली रेघही काढा. बाहेरची रेघ कापायची, आतली शिवायची. उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवा. तुमच्या मापाचं कागदी कटिंग तयार झालं, तेही कोणतं कोष्टक पाठ न करता. बरेच क्लास पहिल्याच दिवशी छातीचा चौथा भाग अधिक इतका, मुंढा उणे तितका असा हिशोब फळ्यावर लिहून देतात. हिशोब चुकीचा नसतो, पण शिवणीच्या आतलं जग बघितल्याशिवाय तो डोक्यात शिरत नाही.

हूक, बटणं, चेन, नाड्या, लेस डब्यात भरून ठेवा. ब्लाउज पुन्हा शिवायचं नाही का? आत्ताच नको. त्याच्याकडून शिकायचं ते तूर्तास शिकून झालं.

हाताचे तीन टाके

मशीन नसलं तरी इथून पुढे काम अडत नाही. धावदोरा, बखिया आणि तुरपाई एवढे तीन टाके आले की घरातली निम्मी दुरुस्ती होते. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गुंता होतो आणि मध्येच गाठ बसते.

धावदोरा म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली, सारख्या अंतराने. कच्ची शिलाई यानेच मारतात. बखियात प्रत्येक टाका एक पाऊल मागे येऊन पुढे जातो, म्हणून तो जवळजवळ मशीनइतका पक्का. बाही काखेत उसवली की बखियाच घाला, धावदोरा तिथे टिकत नाही. तुरपाईत घडीच्या आतून सुई काढायची आणि वरच्या कापडाचे जेमतेम एक-दोन धागे उचलायचे. सुलट बाजूने टाका दिसला नाही पाहिजे. दोरा घट्ट ओढला तर कापडाला खळ्या पडतात.

सरावाला सर्वांत उत्तम म्हणजे तान्ह्या बाळाचं दुपटं. घरात किंवा शेजारी कोणीतरी बाळंतीण असतेच. आजीचं जुनं सुती लुगडं किंवा धोतर यासाठी हवं. दहा धुण्यांनी आलेला मऊपणा नव्या कापडाला नाही. छत्तीस इंच चौरस असे तीन थर कापा, तिन्ही एकमेकांवर सपाट अंथरा आणि मधून बाहेरच्या दिशेने कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली तर मध्ये फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. मग कडा आत दुमडून चहूबाजूंनी धावदोरा, आणि त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरी ओळ, तिसरी ओळ, असं चौकोनातून आत आत जायचं. गाठी थरांच्या मध्ये लपवा, बाळाला टोचता कामा नयेत. हे जमलं की गोधडी म्हणजे हेच, फक्त मोठं. खान्देशात उन्हाळा जसा तापतो तशी थंडीही पारा दहाच्या खाली नेते, त्यामुळे गोधडी वाया जायची भीती नाही. अंगणात अंथरून बसलात की येणारी-जाणारी प्रत्येक बाई "काय शिवी राह्यनी व माय?" म्हणत थांबते आणि चार टाके घालून जाते. घालू द्या. कोणाचे टाके सरळ पडतात, कोणाचे का पडत नाहीत, हे बघण्यासारखं असतं.

मशीनशी ओळख

विकत घेण्याआधी कोणाचं तरी वापरून बघा. शिकायला साधं, पायाने चालवायचं काळं मशीन मला अजूनही बरं वाटतं. वेग आपल्या पायात राहतो आणि वीज गेली तरी काम चालतं. पुढे हवी तर त्याला मोटर बसते. जुनं मशीन घेत असाल तर चाक हाताने फिरवून बघा. ते एकसारखं फिरायला हवं, कुठे अडायला नको; सुईची दांडी हलत नाही ना, शटलला (सुईखालच्या, खालचा दोरा फिरवणाऱ्या भागाला) गंज नाही ना, एवढं पाहा आणि आपलं कापड नेऊन समोर शिवून दाखवायला सांगा.

पहिले काही दिवस दोरा ओवूच नका. दाबपट्टी (सुईशेजारी कापड दाबून धरणारा पाय) वर करून नुसतं पायडल चालवा. चाक आपल्याकडे फिरायला हवं. उलटं फिरलं की दोरा गुंततो आणि तुटतो. पाय थांबवला की मशीन जिथल्या तिथे थांबलं पाहिजे, इतका ताबा येऊ द्या. मग दोऱ्याशिवाय, टाकाऊ सुई लावून, रेघी वहीच्या पानावर शिवा. सुईची भोकं रेघेवर पडतात का बघा. सरळ रेघ जमली की चौकोन, मग गोल. कोपऱ्यावर सुई कागदात खाली ठेवायची, दाबपट्टी उचलायची, कागद वळवायचा, दाबपट्टी पाडायची. कागदाने सुई बोथट होते, म्हणून ती सुई नंतर कापडाला लावू नका.

सुया नंबराने मिळतात. पातळ मलमल, व्हॉइलला ११, रोजच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६, जीन्सच्या थरांना १८. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा ओवायचा तो त्या बाजूने. सपाट बाजू तिच्या विरुद्ध. सुई पूर्ण वर ढकलून स्क्रू घट्ट करा. टाका रोजच्या कापडाला इंचाला दहा-बारा, कच्च्या शिलाईला सहाच्या आसपास.

मशीन बिघडलं असं वाटतं तेव्हा दहातल्या आठ वेळा ते बिघडलेलं नसतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळ्या जणी बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळावर, राग काढतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, कारण ओवताना दाबपट्टी खाली होती. दाबपट्टी वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. वरच्या बाजूला खालचा दोरा टिपक्यांसारखा ओढला जात असेल तर वरचं टेन्शन सैल करा. टाके सुटतात? सुई बोथट आहे, वाकलीय किंवा उलटी बसलीय. बॉबिन केस तपासायची ती दोऱ्याला लटकवून: आपणहून घसरायला नको, हलका झटका दिला की थोडी खाली यायला हवी. तिचा स्क्रू फिरवायची वेळ आलीच तर केसभरच.

जुन्या सुती कापडाचा बारीक भुसा दात्यांखाली (कापड पुढे सरकवणाऱ्या पट्ट्यांखाली) आणि शटलभोवती साचतो. तो ब्रशने काढत राहा. तेल मशीनचंच घाला, भोकाभोकात एकेक थेंब, आणि नंतर चिंधीवर शिवून जादाचं तेल टिपून घ्या. घरात आहे म्हणून खोबरेल घालतात. ते आत चिकट होतं आणि थंडीत मशीन जड चालतं.

पहिली कामं

उशीचा अभ्रा हे पहिलं. सगळ्या शिवणी सरळ, आणि मधे विरलेली चादर हाताशी असतेच. सिंगल चादर साठ बाय नव्वद इंचांची धरली तर तिच्या दोन्ही लांब कडांना अठरा इंच रुंद आणि बासष्ट इंच लांब अशी एकेक पट्टी चांगली निघते. म्हणजे दोन अभ्रे, १७ बाय २७ इंचांच्या उशीसाठी. पट्टीची दोन्ही आखूड टोकं अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून शिवून घ्या. उरली साठ इंच. आता सुलट बाजू वर करून ती अंथरा. एका टोकाकडून सत्तावीस इंचांवर घडी घाला, सुलटावर सुलट येईल. दुसऱ्या टोकाला सहा इंच जास्त उरतील, ती पट्टी वरून दुमडून आणा. हे झाकण. दोन्ही बाजू अर्धा इंच माया ठेवून शिवा, सुरुवातीला आणि शेवटी मागे-पुढे टाके मारून पक्कं करा, कच्च्या कडांना इंटरलॉक किंवा दाट बखिया घाला आणि उलटवा. झाकण आपोआप आत जातं. न बटण, न नाडी.

दुसरं काम दळणाच्या पिशवीचं. पुरुषांच्या जुन्या सुती पँटीचा पाय म्हणजे अर्धी शिवलेली पिशवीच. दोन्ही बाजूंच्या शिवणी फुकटात मिळतात. मांडीच्या रुंद भागापासून खाली चोवीस इंच सरळ कापून घ्या, रुंद बाजू तोंडाला. तळाला साधी शिवण घालू नका. तिच्या सुटलेल्या दशा पिठात पडतात आणि फटीतून पीठ गळतं. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) दळण आणलं की घरापर्यंत स्कूटरवर रेघ उमटते. त्यासाठी आत-बाहेर शिवण हवी. पाय सुलट ठेवून तळाला पाव इंचावर पहिली शिलाई मारा, दशा कातरून टाका, मग पाय उलटा करा, कड इस्त्रीने बसवा आणि पहिल्या शिलाईच्या जरा आत दुसरी शिलाई मारा. कच्च्या कडा आतल्या आत बंद होतात. तोंडाशी दीड इंच दुमडून नाडीची घडी घाला आणि एका बाजूला बोटभर जागा उघडी ठेवा. नाडी सेफ्टी पिनला लावून ओवा. जीन्सला ही शिवण फार जाड होते, तिथे तळाला शेजारी शेजारी दोन ओळी मारून कड पट्टीने बांधा. थर जाड आले की पाय उचला आणि चाक हाताने फिरवा, नाहीतर सुई तुटून उडते. बाजाराच्या पिशव्याही अशाच. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून घरच्या कापडी पिशवीला कोणी हसत नाही.

तिसरं, ढगळ कुर्ता अंगासरसा करणं. इथे जरा थांबून समजून घ्या, कारण यात हिशोब आहे. कुर्ता उलटा करून अंगात घाला आणि दोन्ही बाजूंना कोणाकडून तरी टाचण्या लावून घ्या. बाजूची शिवण अर्धा इंच आत घेतली की पुढचाही अर्धा इंच जातो आणि पाठीचाही. दोन्ही बाजू मिळून घेर दोन इंच कमी होतो. "थोडंसंच घेतलं" म्हणता म्हणता कुर्ता अंगात शिरेनासा होतो तो यामुळे. टाचण्यांच्या जागी खडूची रेघ काढा, दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून रेघा सारख्या करा, हाताने कच्ची शिलाई मारा. आता घालून बसा, वाका, हात वर करून भाकरीचं पीठ उतरवल्यासारखं करून बघा. काखेत ओढ आली तर तिथे सोडा. मगच पक्की शिलाई, आणि जादाचं कापड लगेच कापू नका. एकदा धुऊन, एकदा दिवसभर वापरून मग कापा.

शर्टांचं काय? पाठीचा भाग सहसा कॉलरपेक्षा जास्त टिकतो, त्यातून लहान मुलाचं झबलं निघतं. बटणपट्टी तशीच ठेवून पुढच्या भागाचा चौकोन कापला की सोफ्याच्या उशीला बटणांचं तयार तोंड मिळतं. झबल्याचं माप बाळाच्या अंगावर घ्यायला जाऊ नका. त्याचंच एखादं जुनं झबलं कागदावर ठेवून आखा आणि चहूबाजूंनी अर्धा-अर्धा इंच माया सोडा.

पहिल्या काही महिन्यांत ज्याला हात लावायचा नाही तेही सांगते: अस्तराचं ब्लाउज, जरीची पैठणी, ताणणारं टी-शर्टाचं कापड, आणि नणंदेची कोणतीही वस्तू.

क्लास, योजना आणि पहिली कमाई

इथवर घरी येता येतं. कटिंग मात्र कोणाच्या तरी हाताखाली शिकलेलं बरं. शासकीय आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि ड्रेस मेकिंगचे वर्षभराचे अभ्यासक्रम असतात. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, महिलांसाठी महिनाभराचं मोफत टेलरिंग प्रशिक्षण चालतं. बॅच कधी आहे ते अग्रणी बँकेच्या शाखेत विचारा. खासगी क्लासला फी भरण्याआधी एक दिवस बसून बघू द्या म्हणावं. मुली स्वतः कात्री चालवतात का, की बाईच कापून देतात? एका मशीनवर किती जणी? स्वतःचं कापड आणायला सांगतात तेव्हा जुनं चालतं का? शेवटच्या प्रश्नाला नाक मुरडणाऱ्या क्लासपासून मी दूर राहते.

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ती आधीपासून हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, कालपरवा सुई धरलेल्यांसाठी नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून अधूनमधून अनुदानावर मशीन मिळतात, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. मोबाइलवर "प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन" असा जो निरोप फिरतो त्याच्या लिंकवर आधार आणि बँकेची माहिती भरू नका. अशी योजना नसल्याचा खुलासा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) केलेला आहे.

कमाईची सुरुवात ब्लाउजने करू नका. ते बसलं नाही तर गिऱ्हाईक गेलंच, वर गल्लीभर बोभाटा. फॉल लावणं, पँटी आखूड करणं, चेन बदलणं, बाही उसवलेली जोडणं याला रोज मागणी असते आणि मोठे टेलर असली कामं टाळतात. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून लावा. कोरा लावला तर पहिल्या धुण्यात साडीच्या काठाला चुण्या पडतात. खालची कड मशीनने, वरची हाताने, टाका सुलट बाजूला न दिसेल असा. दुसऱ्याच्या पँटीची लांबी कमी करताना जादाचं कापड आतच दुमडून ठेवा. पोरगं पुढच्या वर्षी वाढतं, आणि ती पँट सोडायला त्याची आई पुन्हा तुमच्याकडेच येते.